चौथा रकाना
1834 पासून ब्रिटिशांनी लाखो करारबद्ध भारतीय मजूर मॉरिशसला नेले. त्यांत मराठीभाषक होते, हिंदू होते, मुसलमानही होते. उसाच्या मळ्यातले कष्ट सारखेच. 1968 साली देश स्वतंत्र झाला, पण राज्यघटनेने नागरिक चार रकान्यांत वाटले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे. या चौथ्या रकान्यात गुलामांचे वंशज आणि त्यांच्या मालकांचे वंशज एकत्र आले!

संसदेतील जास्तीत जास्त आठ जादा जागा जमातवार तोल पाहून देतात; त्यासाठी आकडे अजूनही 1972 च्या जनगणनेचे.

अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व हवे, हे मी नाकारत नाही. पण संरक्षणासाठी घातलेले कुंपण कायमचे झाले, की नागरिक आतच अडकतो. मुस्लिम असणे ही माझी ओळख आहे. ती माझ्या नागरिकत्वाची हद्द ठरू नये.