चोवीस रंग नकोत, चांगला कागद द्या

जून उजाडला की शाळेच्या साहित्याच्या यादीत चित्रकलेची एक ओळ असते: जलरंगांची पेटी, ब्रश, वही. पालक मुलाचं मन राखायला चोवीस रंगांची पेटी घेतात आणि वही मात्र सगळ्यांत स्वस्तातली. माझं सगळं आयुष्य शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलं. आता निवृत्तीनंतर घरी शिकायला येणाऱ्यांत साठीतली माणसंही असतात. सगळ्यांना माझं पहिलं सांगणं एकच: पैसे रंगांवर नको, कागदावर घाला.

जलरंगात पांढरा रंग कागदाचाच असतो. रंगाच्या पातळ, पारदर्शक थरातून उजेड कागदापर्यंत जातो आणि परत येतो, म्हणून चित्र उजळतं. वहीचा कागद पाणी लागताच फुगतो, खळग्यांत रंग साचतो, दुसरा हात मारला की कागदाची लव सुटते. मूल घाबरून पाणी कमी करतं, रंग घट्ट थापतं, आणि हातात जलरंग असून चित्र पोस्टर कलरचं होतं. यात मुलाचा काडीचाही दोष नाही.

300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, 22 बाय 30 इंचांचा ताव घ्या आणि त्याचे आठ तुकडे करा. दोन्ही बाजू वापरा. रंगांच्या चार ट्यूब पुरतात: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, एक पिवळा, एक क्रिमसन. काळा आणि पांढरा सुरुवातीला बाजूलाच ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमीजास्त मिसळत गेलं की निळसर करड्यापासून तपकिरी करड्यापर्यंत छटा मिळतात. पावसाळी आभाळ, ओली भिंत, डांबरी रस्ता, झाडाखालची सावली, सगळं त्या दोघांत आहे.

मग चित्र नाही, नुसता वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर. बोर्डाखाली पुस्तक सरकवून तो थोडा तिरका करा. वाटीत रंग आधीच भरपूर कालवून ठेवा, मध्येच संपला तर पुन्हा तीच छटा जमत नाही. जाड गोल ब्रश भरून वरच्या कडेला आडवा पट्टा ओढा. त्याच्या खालच्या बाजूला रंगाचं पाणी जमून फुगीर ओली कड तयार होते. पुढचा पट्टा त्या कडेला टेकवून ओढायचा आणि ती कड अशीच तळापर्यंत उतरवायची. शेवटी निथळलेल्या ब्रशने टिपून घ्यायची. वर कुठे फिकं राहिलं म्हणून मागे जायचं नाही. अर्धवट ओल्या रंगात पाणी शिरलं की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. कागद तिरक्या उजेडात धरून बघा. लखलखतोय तोवर रंग पसरेल. लखलख मोडली की हात आवरा.

ही पारख पावसाळ्यात लवकर येते, असं माझं ठाम मत आहे. मे महिन्यात वॉश बघता बघता सुकतो, जुलैच्या दमट हवेत तो रेंगाळतो आणि नवशिक्याला विचार करायला उसंत मिळते.

‘ऑइल कधी शिकवणार?’ असं पालक विचारतात तेव्हा मला वाईट वाटतं. जलरंग ही खालची पायरी हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं समई घेतलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. समईच्या ज्योतीचा तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड जलरंगातला आहे. अनेकजण ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात, आणि जलरंगातलं आहे हे तर फारच थोड्यांना ठाऊक असतं.

म्हणून शाळांना विनंती आहे, यंदाची यादी बदला. चार ट्यूब, एक गोल ब्रश आणि जाड कागदाचे मोजके तुकडे. असा कागद महाग असतो हे मान्य. पण शाळेने एकत्र ताव आणून कापून वाटले, तर एकेका घरावर भार पडणार नाही. आणि चित्रकलेचे दोन तास जोडून द्या. एका तासात पावसाळ्यातला वॉश सुकत नाही, आणि पहिला थर सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही.