बिडी कुणासाठी स्वस्त?

दर बजेटनंतर ‘सिगारेट महागली’ अशी बातमी येते. आपल्या मोहल्ल्यातल्या टपरीवर तिचा फारसा परिणाम दिसत नाही. तिथे अख्खं पाकीट घेतंच कोण? एक सुटी सिगारेट, नाहीतर बिडीचं बंडल. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. पाकिटाच्या 85 टक्के भागावर धोक्याचं चित्र असतं, पण सुटी घेणाऱ्याच्या हातात ते येतच नाही. आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत विक्री नको, हा कायदा तर 2003 चा. शाळा सुटायच्या वेळी एकदा जाऊन बघा.

माझं खरं भांडण बिडीशी आहे. 2017 ला जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर कर आणि वर उपकर लागला, बिडीला उपकर माफ. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी कौन्सिलने सिगारेट 40 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं आणि बिडी 28 वरून 18 वर आणली. धूर तोच, फुप्फुस तेच, फक्त खिसा गरिबाचा! कारण काय सांगतात, तर बिडी वळणाऱ्या बायकांचा रोजगार.

या बायकांचा कळवळा किती खरा आहे ते बघू. बिडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी बिडीवर एक कल्याण उपकर होता. जीएसटीबरोबर तो रद्द झाला. म्हणजे कामगाराच्या हक्काचा पैसा बंद आणि तिच्या नावाने मालाला सवलत चालू. सोलापूर-सिन्नरची बाई आजही हजारी दरानेच मजुरी घेते. कर उतरला म्हणून तिचा दर आपोआप चढत नाही.

आता मेडिकलमध्ये जा आणि तंबाखू सोडवणाऱ्या निकोटीन गमचा भाव विचारा. एका गमच्या पैशात सहज पाच-सहा बिड्या येतात. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस काय घेईल? त्याला ‘इच्छाशक्ती हवी’ असं सांगणाऱ्यांची मला चीड येते.

आणि आपण? बिस्किटाच्या पुड्यावरचे ई-नंबर मोबाइलवर तपासून हलाल-हराम ठरवतो. तंबाखूचा विषय निघाला की ‘उलमांमध्ये मतभेद आहेत, मकरूह म्हणतात’ एवढ्यावर बैठक संपते. मतभेद असू देत, पण घरखर्चातून रोज जाणाऱ्या पैशाबद्दल, इसराफबद्दल तर कुणाचाच मतभेद नाही ना? जुम्याच्या खुतब्यात त्यावर दोन मिनिटं बोलायला काय हरकत आहे?

सरकारकडे मागणी करूच: बिडीवर सिगारेटइतकाच कर लावा, त्यातला ठरावीक वाटा बिडी कामगारांना द्या आणि निकोटीन गम सरकारी दवाखान्यात फुकट ठेवा. पण त्यासाठी थांबायचं कशाला? कितीतरी मशिदींच्या ट्रस्टचे गाळे भाड्याने दिलेले असतात. येत्या नूतनीकरणाला भाडेकरारात एक ओळ घाला: या गाळ्यात तंबाखू विकता येणार नाही. त्याला कौन्सिलची परवानगी लागत नाही, ट्रस्टींच्या सह्या पुरतात.