विश्लेषण : भिगवणच्या वस्तीवर ‘पॉइंट टू-टू’ रायफल कशासाठी?

उसाचे फड उभे राहिले की इंदापूर, बारामती आणि दौंड तालुक्यांतल्या वस्त्यांवर बिबट्याचा विषय निघतो. त्यातच एखाद्या वाडीवर चोरी झाली, की घरात काहीतरी ‘हत्यार’ असावे असे वाटू लागते. बारा बोअरची बंदूक जड आणि दणका देणारी. पिस्तुलाचा परवाना मिळणे अवघड. मग हलकी, कमी आवाजाची, स्वस्त काडतुसांची .२२ रिमफायर रायफल आणीबाणीसाठी घ्यावी का, हा प्रश्न उरतो. परदेशात ‘संकटकाळासाठी घरात असावी’ अशा वस्तूंच्या यादीत ही रायफल वरच्या क्रमांकावर असते. भिगवणला मात्र ती यादी जशीच्या तशी लागू पडत नाही. भीती खरी आहे, पण तिच्यावरचा हा उपाय चुकीचा आहे.

रिमफायर म्हणजे काय?

काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारे स्फोटक रसायन असते. मोठ्या रायफलींच्या काडतुसात ते बुडाच्या मधोमध बसवलेले असते. रिमफायरमध्ये ते बुडाच्या काठात, म्हणजे ‘रिम’मध्ये भरतात आणि फायरिंग पिन त्या काठावर आदळते. काठ चेपला जायला हवा म्हणून काडतुसाचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. त्यामुळे आतला दाब मर्यादित राहतो आणि गोळीची ताकदही. यातले सर्वांत प्रचलित काडतूस म्हणजे ‘.२२ लाँग रायफल’. ते १८८७ पासून वापरात आहे.

गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि वजन साधारण अडीच ग्रॅम. लष्कराच्या ‘इन्सास’ रायफलीची गोळीही जवळपास त्याच जाडीची असते. मात्र नळीतून बाहेर पडताना .२२ गोळीची ऊर्जा साधारण दीडशे ज्यूल असते, तर इन्सासच्या गोळीची त्याच्या दहापटीहून जास्त. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी आणि खर्चही कमी, म्हणून नेमबाजी शिकण्यासाठी .२२ जगभर वापरली जाते.

महाराष्ट्राला ती परकी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, त्या याच काडतुसावर. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेही याच काडतुसावर. त्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते आणि स्पर्धेची रायफल आठ किलोपर्यंत वजनाची असू शकते. जड रायफल स्थिर राहते. हलकी रायफल हातात हलते. ‘हलकी’ या गुणाची ही दुसरी बाजू दुकानात सहसा सांगितली जात नाही.

मग ‘संकटकालीन रायफल’ ही कल्पना आली कोठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाने विमान कोसळून निर्जन प्रदेशात अडकणाऱ्या वैमानिकांसाठी घडीच्या, सुट्या करता येणाऱ्या छोट्या बंदुका बनवून घेतल्या. त्याच धर्तीवर आर्मालाइट कंपनीने १९५९ च्या सुमारास नागरिकांसाठी ‘एआर-७’ ही .२२ रिमफायर रायफल आणली. वजन दोन किलोपेक्षा कमी. नळी आणि यंत्रणा सोडवून दस्त्यात ठेवता येते. पाण्यात पडली तर तरंगते. हेतू एकच, मदत पोहोचेपर्यंत ससा किंवा पक्षी मारून पोट भरणे.

भिगवणच्या माणसावर ही वेळ येत नाही. गाव पुणे–सोलापूर महामार्गावर आहे, रेल्वे स्थानक आहे, पोलीस ठाणे आहे. शिवाय इथल्या वन्य पक्ष्यांची आणि प्राण्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरवली आहे. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे डिकसळ, कुंभारगावच्या मच्छीमार कुटुंबांतील तरुणांना मार्गदर्शकाचे आणि नाव चालवण्याचे काम मिळाले आहे. ज्या काठावर पाखरू जिवंत राहण्यावर चूल पेटते, तिथे पाखरू मारण्याचे साधन ‘आपत्कालीन’ ठरू शकत नाही.

शस्त्र कायदा काय सांगतो?

१९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम १३ मध्ये कोणत्या कामासाठी कोणते शस्त्र, याची विभागणीच आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बोलीभाषेतली छऱ्याची बंदूक. पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची. आणि .२२ रायफल? ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी. इतर कारणासाठी मागितल्यास ‘सबळ कारण’ आहे, हे अधिकाऱ्याला पटवावे लागते.

पुणे ग्रामीण भागात हा अधिकार जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्जानंतर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आणि घरात ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आणली. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे लागते. खेळाडूंसाठी वेगळ्या सवलती आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत पाच वर्षे केली. त्याच दुरुस्तीने लग्न-मिरवणुकीतल्या बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

आणखी एक व्यावहारिक बाब. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. म्हणजे ज्या काळात गावातले वातावरण सर्वांत तापलेले असते, त्या काळात रायफल घरात नसण्याचीच शक्यता जास्त. जिच्यावर संकटकाळाची भिस्त ठेवायची, तिच्याबाबत हे विसरून चालत नाही.

बिबट्यासमोर .२२ उपयोगी पडेल का?

नाही. दीडशे ज्यूलची गोळी पूर्ण वाढलेल्या बिबट्याला जागीच थांबवेल, याची खात्री देता येत नाही. जखमी मात्र नक्की करेल. उसात शिरलेला जखमी बिबट्या हा आधीच्या बिबट्यापेक्षा अधिक धोकादायक, आणि तो शेजाऱ्याच्या फडातून बाहेर पडू शकतो. शिवाय बिबट्याचा हल्ला बहुधा अंधारात, मागून, काही क्षणांत होतो. कुलपातली रायफल काढून, काडतूस भरून, नेम धरण्याइतका वेळ तो देत नाही.

बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर कलम ११ नुसार तो गुन्हा ठरत नाही. पण हे संरक्षण त्या क्षणापुरते आहे. रात्री बॅटरी घेऊन फडाभोवती फिरणाऱ्याला ते मिळत नाही. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या बिबट्याला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा आहे. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे लागोपाठ बळी गेल्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये वनखात्याने तशी परवानगी घेऊन, प्रशिक्षित नेमबाज बोलावून बिबट्याला ठार केले. ते काम माग काढणारी माणसे, ड्रोन आणि बेशुद्धीचे इंजेक्शन मारणारे पथक असा लवाजमा घेऊन झाले. घरातल्या एकट्या माणसाकडून त्याची अपेक्षा करणे त्या माणसावरच अन्याय आहे.

चोरांपासून संरक्षणाचे काय?

वस्तीवर राहणाऱ्याचा युक्तिवाद सोपा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पोलीस ठाणे काही किलोमीटरवर, शेजारी अर्ध्या किलोमीटरवर, आणि रात्र मोठी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहेच. मात्र त्या हक्काला मर्यादा आहे : प्रतिकार धोक्याच्या प्रमाणात हवा. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली, तर न्यायालयात घरमालकच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो.

दुसरी अडचण गोळीच्या पल्ल्याची. .२२ ‘लहान’ म्हणवली जात असली, तरी वरच्या दिशेने सुटलेली गोळी दोन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. पाण्यावर तिरपी आदळली तर ती दगडासारखी टप्पा घेऊन पुढे उसळते. भिगवणजवळ एका बाजूला फुगवट्यावर पहाटे जाळी टाकणारे मच्छीमार आणि पक्षी पाहणाऱ्यांच्या नावा, दुसऱ्या बाजूला वर्दळीचा महामार्ग, मधल्या उसात ऊसतोड कामगारांच्या कोप्या. इथे अंधारात चुकलेली गोळी कुठे थांबेल, हे कोणीही सांगू शकत नाही.

तरीही रायफल घ्यायचीच असेल तर?

मग क्रम उलटा करावा : आधी क्लब, मग प्रशिक्षण, मग परवाना आणि शेवटी रायफल. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीची सोय आहे. तिथे वर्षभर सराव केल्यावर आपल्याला रायफल हवी आहे की केवळ धीर हवा होता, हे बहुतेकांना कळते. निवडताना बोल्टची, एकेक काडतूस भरायची रायफल नवशिक्याला बरी. ती भरलेली आहे की रिकामी, हे लगेच दिसते. अतिहलक्या घडीच्या मॉडेलपेक्षा खांद्याला नीट बसणारा दस्ता महत्त्वाचा. दुर्बिणीआधी साध्या माशीवर नेम धरायला शिकावे.

सामानात पहिला खर्च कुलपाच्या लोखंडी कपाटावर करावा, आणि काडतुसांसाठी वेगळी, कोरडी, कुलूपबंद पेटी घ्यावी. रिमफायरची काडतुसे न उडण्याचे प्रमाण मोठ्या काडतुसांपेक्षा जास्त असते; धरणाकाठच्या दमट हवेत ती उघडी ठेवू नयेत. चाप ओढूनही काडतूस उडाले नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे, मगच बोल्ट उघडावा. कानाचे आणि डोळ्यांचे संरक्षण, सफाईची कांडी आणि तेल लागतेच. आवाज दाबणारे ‘सायलेन्सर’ हा प्रतिबंधित प्रकार आहे. त्याचा विचारही करू नये.

भिगवणची खरी आपत्कालीन तयारी कोणती?

इथली संकटे कोणती, हे उजनीचे पाणीच सांगते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी इंदापूरच्या कळाशी आणि करमाळ्याच्या कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा बुडून मृत्यू झाला. एक जण पोहत काठाला लागला. त्या बोटीतल्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असते, तर बातमी कदाचित वेगळी असती. फुगवट्यावर रोज नावेत बसणाऱ्या कुटुंबाने रायफलीचा विचार करण्याआधी घरातल्या प्रत्येकासाठी एक लाइफ जॅकेट घ्यावे.

बाकीची यादीही साधी आहे. चार्ज केलेली जोरकस बॅटरी आणि पॉवर बँक. शेतात जाताना गुडघ्यापर्यंतचे बूट आणि काठी, कारण घोणस आणि मण्यार बिबट्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आडव्या येतात. साप चावला तर १०८ ची रुग्णवाहिका आणि थेट रुग्णालय. पोलिसांसाठी ११२, वनखात्यासाठी १९२६. शेळ्या-वासरांसाठी वरून आणि बाजूने बंद गोठा. अंधार पडल्यावर मुले अंगणात एकटी नकोत. फडाच्या कडेला वाकून बसू नये. एका फोनवर सबंध गावाचे मोबाइल वाजवणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा पुणे जिल्ह्यात वापरात आहे. तिच्यात घरातल्या प्रत्येकाचा क्रमांक नोंदवलेला असावा. चोर आला, बिबट्या दिसला, बोट उलटली, या तिन्ही वेळी एकाच फोनवर पन्नास माणसे धावू शकतात. रायफलीला हे जमत नाही.

काही गोष्टी मात्र घराच्या हाती नाहीत. शेतकरी रात्री फडात जातो तो हौसेने नाही. थ्री फेज वीज रात्री येते म्हणून पाणी धरायला जातो. दिवसा वीज मिळाली, तर माणूस आणि बिबट्या यांची निम्मी गाठभेट तिथेच टळेल. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांना उजेड आणि कुंपण देणे हे कारखान्यांचे काम आहे, बोटींत लाइफ जॅकेट आहेत का हे तपासणे प्रशासनाचे. ही कामे होत नाहीत म्हणून माणूस बंदुकीच्या दुकानाकडे पाहू लागतो. परवान्याचा अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाणाऱ्या शेतकऱ्याने त्याच फेरीत दिवसाच्या विजेचा अर्जही द्यावा, आणि पाठपुरावा दुसऱ्याचा अधिक करावा.