मिठावरची शर्यत

परवा दुपारी भाचा घरी आला आणि त्यानं एक इंग्रजी सिनेमा लावला, ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’. नाव ऐकून मी गवार निवडायची टाकून पुढे सरकून बसले. म्हटलं, कोण हा आपला माणूस? तर ‘इंडियन’ म्हणजे माणूस नव्हेच, ती अमेरिकन मोटारसायकल! आणि चालवणारा न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळच्या इनव्हरकारगिलचा एक म्हातारा, बर्ट मन्रो. सिनेमा २००५ सालचा, पण माणूस आणि गाडी खरी.

मन्रोंनी १९२० साली ‘इंडियन स्काउट’ गाडी घेतली. तेव्हा ती ताशी जेमतेम ८९ किलोमीटर पळायची. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा माणूस शेडमध्ये बसून तिच्यावर काम करत राहिला. पिस्टनसुद्धा घरी ओतायचा. फुटलेले-जळालेले भाग टाकून न देता फळीवर मांडून ठेवायचा, वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून! १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ही गाडी ताशी २९६ किलोमीटरनं पळाली. हजार सीसीखालच्या त्या गटातला तो विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे.

सिनेमा संपला तरी माझ्या डोक्यात एकच, या सगळ्यात घर कोण बघत होतं? पडद्यावर ते एकटे राहणारे गोड आजोबा दिसतात. प्रत्यक्षात त्यांना बायको होती, चार मुलं होती. पुढे नवरा-बायको वेगळे झाले आणि यांनी नोकरी सोडून सगळा वेळ गाडीला दिला. एखाद्या बाईनं चार मुलं असताना असं केलं असतं, तर तिच्यावर सिनेमा निघाला असता का, हे तुम्हीच सांगा. गंमत म्हणजे त्यांच्या मुलानंच, जॉननं, पुढे जुन्या कागदावरची सरासरी काढायला चुकल्याचं दाखवून दिलं. २०१४ साली, वडील जाऊन ३६ वर्षं झाल्यावर, विक्रमाचा आकडा ताशी १८३.५९ मैलांवरून १८४.०८७ असा दुरुस्त झाला.

आमच्या गावाच्या बायपासवर रविवारी पहाटे पोरं गाड्या पळवतात. तरणीताठी मुलं गेलेल्या दोन घरी मी बसून आले आहे, त्यामुळे वेगाचं कौतुक माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही. म्हणूनच बॉनव्हिलची पद्धत मला भाच्याकडून नीट समजून घ्यावीशी वाटली. तिथे १९४९ पासून दर ऑगस्टमध्ये ‘स्पीड वीक’ भरतो. एका वेळी एकच गाडी सुटते, समोरून कोणी येत नाही, शर्यत फक्त घड्याळाशी. आधी गाडीची तपासणी, अंगात चामड्याचा पोशाख, डोक्याला हेल्मेट. नवख्याला पहिल्याच दिवशी वाटेल तेवढं पळू देत नाहीत, पायरीपायरीनं परवाना मिळतो. आणि एकदा जोरात पळून विक्रम होत नाही. जुन्या विक्रमापेक्षा जास्त वेग आला की गाडी राखणीत ठेवतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळवतात आणि दोन्हींची सरासरी धरतात. जुन्या गाड्यांचा गटही वेगळा, १९५६ पूर्वीच्या इंजिनांचा. म्हणजे आजोबाच्या गाडीला नातवाच्या गाडीशी झुंजावं लागत नाही.

या मैदानावर बायकाही आहेत बरं का. १९७८ साली मार्शिया हॉली तिथे ताशी ३६९ किलोमीटरनं गेली. लेस्ली पोर्टरफिल्ड २००७ साली पडली, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. वर्षभरात ती परत आली आणि २००८ साली ताशी ३७४ किलोमीटरचा विक्रम करून गेली. २०१८ साली केला रिव्हास ही १८ वर्षांची मुलगी ताशी २५२ किलोमीटरनं गेली, तीही आपल्या चेन्नईच्या कंपनीच्या रॉयल एनफिल्डवर.

आता खरी काळजीची गोष्ट. हे मैदानच विरत चाललं आहे. कोकणातल्या मिठागरासारखंच त्याचं चालतं. हिवाळ्यात पाऊस-बर्फाचं पाणी पातळ पसरतं, उन्हाळ्यात ते आटतं आणि मिठाचा टणक, सपाट थर बसतो. पूर्वी २१ किलोमीटरपर्यंत सरळ धाव मिळायची, आता १३ मिळाली तरी नशीब म्हणतात. २०१४ साली पावसानं स्पीड वीक रद्द झाला, २०१५ साली थर पातळ आणि खाली चिखल म्हणून, २०२२ साली पुन्हा पाणी साचलं म्हणून.

शर्यतवाले खाणीकडे बोट दाखवतात. तिथलं खारं पाणी काढून पोटॅश बनवतात, म्हणजे आपल्या ऊस-द्राक्षवाल्यांच्या ओळखीचं खत. खाणीतून उरलेलं मीठ पुन्हा मैदानावर सोडायचे प्रयत्न १९९७ पासून झाले, सरकारनंही पैसा देऊ केला. पण तिथं वर्षानुवर्षं थर मोजणारे शास्त्रज्ञ एकट्या खाणीला दोष देत नाहीत. भूजल, हवामान, मधून गेलेला महामार्ग, खुद्द शर्यतींची वर्दळ, सगळ्याचा वाटा आहे. मला हेच पटतं. एकाला दोषी ठरवून मीठ वाढणार नाही, आणि खताची गरजही खोटी नाही.

धाव अशीच आखडत गेली, तर आधी बाद होतील त्या नव्या, रॉकेटसारख्या गाड्या. त्यांना वेग धरायला आणि थांबायला लांब पट्टी लागते. मन्रोंच्या गाडीसारख्या जुन्यांना पाच-सहा मैल पुष्कळ झाले. थर पातळ होऊन ओला राहिला, तर मात्र जुनी-नवी दोन्ही सारखीच. दोन चाकांची गाडी चिखलात एकदा डुलायला लागली की तिला सावरणं कोणाच्याच हातात नसतं.