दम्याचा पत्ता लघवीत लागेल का?

उधव्याहून (ता. तलासरी) एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला पावसाळा लागला की रात्री खोकल्याची उबळ येते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टरांना दम्याची शंका आहे. पण नळीत जोराने फुंकून करायची तपासणी एवढ्या लहान लेकराला जमत नाही. दिरांनी मोबाइलवर वाचलं की उंदरांच्या लघवीत दम्याची खूण सापडली आहे. तेव्हा वापीला जाऊन मुलाची लघवी तपासून आणावी का, आणि लघवीसारख्या नापाक वस्तूवरून आजार ओळखणं बरं दिसतं का, असं त्या विचारतात.

आधी पहिलं उत्तर. जाऊ नका. लघवीवरून दम्याचं निदान करण्याची पद्धत डॉक्टरांच्या रोजच्या कामात अजून आलेली नाही. नेहमीच्या लघवी तपासणीत साखर, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा त्रास कळतो, दमा कळत नाही. त्या नावावर कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी वाचेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच जुन्या वैद्यकात आहे. हकीमसाहेब नाडी पाहायचे तसा कारुराही पाहायचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कारुरा म्हणजे लघवीची बाटली. इब्न सीनांच्या ‘अल-कानून’मध्ये लघवीचा रंग, दाटपणा, गाळ, फेस आणि वास यांवरून काय समजावं, याची सविस्तर चर्चा आहे. त्यांच्याही आधी कैरवानच्या इसहाक अल-इस्राईली यांनी लघवीवर स्वतंत्र अरबी ग्रंथ लिहिला होता. बाटली हाताळली, हात धुतले, कपड्याला लागलं तर कपडा धुतला, की विषय संपला. तपासणीसाठी नमुना देण्यात संकोच करण्यासारखं काहीच नाही.

आता दिरांनी वाचलेल्या बातमीकडे वळू, कारण ती अगदीच खोटी नाही. रक्तात काही कमीजास्त झालं की शरीर ते लगेच सावरून घेतं, कारण रक्त स्थिर राहिलं नाही तर जीव धोक्यात येतो. नको असलेलं बाहेर टाकलं जातं ते लघवीवाटे. म्हणून आजाराची अगदी सुरुवातीची चाहूल रक्तापेक्षा लघवीत आधी लागेल, असा विचार बीजिंगचे संशोधक यूहे गाओ यांनी २०१३च्या सुमारास मांडला. त्या वाटेने बरेच प्रयोग झाले, त्यांत दम्याचेही आहेत.

प्रयोगाची रीत साधारण अशी असते. उंदराला आपणहून माणसासारखा दमा होत नाही, तो घडवून आणावा लागतो. त्यासाठी कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातलं एक प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, ॲल्युमिनियमच्या क्षारात मिसळून टोचतात. शरीर त्याला शत्रू मानू लागतं. मग काही दिवसांनी त्याच प्रथिनाची वाफ हुंगायला देतात. श्वासनलिका सुजतात, उंदीर धापा टाकतो. टोचण्याआधी, मधल्या काळात आणि धाप लागल्यावर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून त्याची लघवी गोळा करतात. तिच्यातल्या प्रथिनांचे तुकडे करून ते यंत्रावर मोजले जातात. शेकडो प्रथिनांतली कोणती वाढली, कोणती घटली, याची यादी तयार होते. आपल्याकडे दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी या संस्थेतही अंड्याच्या प्रथिनाने दमा घडवलेल्या उंदरांवर बरंच काम झालेलं आहे. तिथला मुख्य रोख मात्र फुप्फुसांवर आहे.

यादी तयार होणं सोपं, तिच्यावर भरवसा ठेवणं अवघड. एकाच वेळी शेकडो प्रथिनं मोजली की त्यांतली काही निव्वळ योगायोगानेही वरखाली झालेली दिसतात. अशा प्रयोगांत उंदीरही थोडेच असतात. शिवाय अंड्याचा मारा थांबवला की उंदराचा दमा बहुधा ओसरतो, माणसाचा वर्षानुवर्षं राहतो. खरं तर मांजरांना आणि घोड्यांना दम्यासारखा आजार आपोआप होतो, घोड्यांना तो बुरशी लागलेल्या गवताने होतो. पण प्रयोगशाळेत घोडे कोण पाळणार?

आणखी एक अडचण आहे, आणि ती ऐकून आम्हाला हसूही आलं. उंदराच्या लघवीत मुळातच भरपूर प्रथिनं असतात, नराच्या तर फारच. वासाने आपली हद्द सांगायला ती त्याला लागतात. त्या गर्दीत आजाराचं बारीक प्रथिन शोधायचं असतं. आणि हीच प्रथिनं हवेत उडून माणसाच्या नाकात गेली की ॲलर्जी होते. उंदरांवर काम करणाऱ्या कित्येक संशोधकांना त्यातूनच दमा जडतो. दम्याची खूण शोधायला गेलेल्या माणसालाच दमा! आपल्यालाही यातून घेण्यासारखं आहे. भाताच्या कणग्यांमागे, माळ्यावर, गोधड्यांच्या ढिगाऱ्यात उंदरांचा वावर असेल तर तो दम्याच्या लेकराला बाधू शकतो. लेंड्या कोरड्या झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

मुक्या जिवांना असा त्रास देणं योग्य का, हेही कुणी विचारेल. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस आपल्या घराघरांत सांगितली जाते. कायद्यातही अशा प्रयोगांवर देखरेख आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली समिती आहे आणि संस्थांना आपल्या नीतिसमितीची परवानगी घ्यावी लागते. लघवी घ्यायला सुई लागत नाही, म्हणून हा मार्ग कमी क्रूर म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. शेवटी फुप्फुसं तपासायला उंदीर सहसा मारलाच जातो. आमचं मत असं, की ज्यातून माणसाला खरोखर उपयोग होईल अशीच कामं नीट आखून व्हावीत, नुसती यादी वाढवण्यासाठी नकोत.

उपयोग कसा होऊ शकतो, याचंही उदाहरण आहे. श्वासनलिका सुजवणाऱ्या इओसिनोफिल या पेशींवरचं मेपोलिझुमॅब हे औषध सुरुवातीला सरसकट दमेकऱ्यांना देऊन पाहिलं, फारसा गुण दिसला नाही. मग ज्यांच्यात त्या पेशी जास्त होत्या असे रुग्ण निवडून दिलं, तेव्हा झटके कमी झाले. दमा एकच नाही, त्याच्या जाती आहेत, आणि जात ओळखायला खूण लागते. त्याच इओसिनोफिलमधलं एक प्रथिन मुलांच्या लघवीत मोजून पाहण्याचे प्रयत्न १९९०च्या दशकापासून झाले. दम्याच्या मुलांत ते सरासरीने जास्त आढळलं. पण ते दिवसाच्या वेळेनुसार बदलतं आणि इसब असलेल्या मुलांतही वाढतं. पोटात जंत झाले तरी या पेशी वाढतात. आपल्या पाड्यांवर अनवाणी फिरणाऱ्या किती मुलांना जंत असतील, याचा अंदाज करा. म्हणजे एकट्या मुलाची बाटली पाहून हो किंवा नाही म्हणता येत नाही.

तरीही ही वाट संशोधकांनी सोडू नये असं आम्हाला वाटतं. उधव्यासारख्या गावात फुंकण्याचं यंत्र आणि ते चालवणारं माणूस रोज मिळणं कठीण, पण लघवीची बाटली एसटीनेही जाऊ शकते. २०१९च्या अंदाजानुसार जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक मृत्यूही इथेच होतात. या तफावतीचं एक मोठं कारण म्हणजे आजार उशिरा ओळखला जातो आणि पंप लपवला जातो. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून पंप कपाटात ठेवणाऱ्या अम्मी आम्हाला माहीत आहेत. पंपाचं व्यसन लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून गोळी-सिरपपेक्षा फार कमी मात्रेत काम होतं. लहान मुलाला मास्क लावलेल्या स्पेसरमधून ते देता येतं.

भगिनीने आज घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. चुलीचा धूर मुलाच्या झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावा. मच्छर अगरबत्ती बंद करून मच्छरदाणी लावावी. बंद खोलीत जळणारी एक कॉइल बारीक कणांच्या हिशेबाने ७५ ते १३७ सिगारेटींइतका धूर सोडते, असं एका अभ्यासात मोजलेलं आहे. जुमेरातला लोबान जाळायचाच असेल तर मूल बाहेर असताना, खिडक्या उघडून. पावसाळ्यात ओल धरलेली उशी-गोधडी उघडीप मिळताच उन्हात टाकावी. घरात कुणी बिडी ओढत असेल तर त्याने अंगणातही मुलाला मांडीवर घेऊन ओढू नये.

आणि डॉक्टरांना लागणारी माहिती मोबाइलमध्येच साठवता येते. रात्री छाती वाजू लागली की अंगातला सदरा वर करून अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण करावं, आवाजासह. कोणत्या तारखेला, किती वाजता, आधी काय खाल्लं, कुठे खेळला, घरात धूर होता का, सर्दी होती का, हे वहीत लिहावं. घरात आणखी कुणाला दमा, इसब किंवा सतत शिंका आहेत का, तेही सांगावं. दिलेल्या औषधाने फरक पडला की नाही, याचीही नोंद ठेवावी. या वयात निदान बरंचसं त्यावरच ठरतं. मात्र श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, बोलताना शब्द तुटत असतील किंवा ओठ निळसर दिसले, तर चित्रीकरण करत बसू नये. डॉक्टरांनी दिलेला पंप स्पेसरने देत तसंच दवाखाना गाठावा, किंवा १०८ला फोन करावा.