विश्लेषण : कर्करोगाच्या गाठीत ‘ईपीओ’चा रिसेप्टर खरंच दिसला होता का?

कर्करोगावरच्या उपचारांत अनेक रुग्णांचं हिमोग्लोबिन घसरतं. ते वाढवण्यासाठी एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ‘ईपीओ’ची इंजेक्शनं दिली जातात. डायलिसिसवरच्या रुग्णाच्या घरात हे नाव ओळखीचं असतं. मूत्रपिंडात तयार होणारं हे संप्रेरक अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगतं.

२००३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एक अनपेक्षित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. डोकं आणि मानेच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या ३५१ रुग्णांच्या चाचणीत ईपीओ मिळालेल्यांचं हिमोग्लोबिन वाढलं, पण त्यांचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त बळावला.

संशय कशावर होता?

संप्रेरकाचा निरोप पोहोचतो तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टर नावाच्या प्रथिनामार्फत. गाठीतल्या पेशींवरही ईपीओचा रिसेप्टर असेल, तर हे औषध कर्करोगालाच बळ देत असेल का? ते तपासायला संशोधकांनी बाजारात मिळणारी ‘सी-२०’ ही अँटीबॉडी वापरली. गाठीच्या पातळ कापावर ती टाकायची आणि रंग उमटला की रिसेप्टर आहे असं समजायचं. रंग उमटत होता. एकामागून एक शोधनिबंध आले. २००६ मध्ये तर त्याच ३५१ रुग्णांपैकी १५४ जणांच्या गाठी तपासल्या गेल्या. त्यातल्या १०४ ‘पॉझिटिव्ह’ निघाल्या आणि ईपीओचा तोटा या पॉझिटिव्ह गटातच दिसला. सगळं जुळून आल्यासारखं वाटत होतं.

मग घोळ कुठे झाला?

त्याच वर्षी ‘ब्लड’ या नियतकालिकात अ‍ॅम्जेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की सी-२० भलतीच प्रथिनं पकडते. ईपीओ रिसेप्टरचं वजन सुमारे ५९ किलोडाल्टन; या अँटीबॉडीने दाखवलेलं एक ठळक प्रथिन मात्र ६६ चं होतं. ते निघालं ‘एचएसपी-७०’. पेशीवर ताण आला की हे प्रथिन वाढतं आणि कर्करोगाच्या पेशींत ते मुबलक असतं.

असं का होतं? अशी अँटीबॉडी बनवताना प्राण्याला बऱ्याचदा अख्खं प्रथिन नव्हे, तर त्याचा छोटा तुकडा टोचतात. तसाच तुकडा दुसऱ्या प्रथिनात असला, तर अँटीबॉडी तिथेही चिकटते. पोलिसांच्या श्वानाला रुमालाचा वास द्यावा आणि त्याच साबणाने आंघोळ केलेला शेजारी पकडला जावा, तसंच हे.

अ‍ॅम्जेन स्वतः ईपीओ विकत होती, हे इथे विसरून चालणार नाही. गाठीत रिसेप्टर नसणं तिच्या फायद्याचंच होतं. पण हितसंबंध असले म्हणून वजनातला फरक खोटा ठरत नाही.

म्हणजे औषध निर्धोक ठरलं?

नाही, आणि गल्लत इथेच होते. मार्च २००७ मध्ये अमेरिकेच्या ‘एफडीए’ने या औषधांवर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला, तो रुग्णांवरच्या चाचण्यांच्या आधारे. अँटीबॉडी चुकीची ठरल्याने त्या चाचण्यांमधले रुग्ण बरे झाले नाहीत. ढासळलं ते फक्त ‘असं का झालं’ याचं उत्तर. ‘पॉझिटिव्ह’ गटात तोटा दिसला हेही खरं. पण तो गट नेमका कशाने पॉझिटिव्ह होता, हेच धूसर झालं. कोणत्या रुग्णाला ईपीओ द्यावं हे त्या रंगावरून ठरवण्याची आशाही त्याबरोबर गेली.

हा एकाच अँटीबॉडीचा प्रश्न आहे का?

दुर्दैवाने नाही. रुग्णाच्या निदानासाठीच्या किटना औषध नियामकाची मंजुरी लागते. ‘फक्त संशोधनासाठी’ असं लेबल असलेल्या कुपीला तशी चाळणी नसते. ती काम करते का, हे बघण्याची जबाबदारी बहुतेक वेळा विकत घेणाऱ्यावर येते. आणि आधीच्या निबंधात वापरली आहे म्हटल्यावर पुन्हा तपासायला फारसं कुणी जात नाही. खात्रीची परीक्षा तशी सरळ आहे. ज्या पेशीतून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलंय, तिथेही रंग उमटला तर अँटीबॉडी नापास.

‘वायकॅरॉस’ या उपक्रमाने नेमकं हेच केलं. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटीबॉडी तपासल्या गेल्या. प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ शोधनिबंधांत नापास अँटीबॉडी वापरल्याचं आढळलं. यात कंपन्याही सहभागी होत्या. नापासांपैकी सुमारे २० टक्के अँटीबॉडी त्यांनी बाजारातून काढून घेतल्या आणि सुमारे ४० टक्के अँटीबॉडींच्या वापराच्या शिफारशी बदलल्या. त्या आधारे छापले गेलेले निबंध मात्र वाचनालयांत आणि संदर्भसूचींत तसेच आहेत.