सीमा आखण्याआधी आमचे ऐका

मराठवाड्याने महाराष्ट्रात राहावे की बाहेर पडावे, हा वाद दर काही वर्षांनी उफाळून येतो. दुष्काळ पडला, अर्थसंकल्पात पदरी काही पडले नाही, की सभा होतात, पत्रके निघतात. निवेदने महिला मंडळांकडेही येतात. मी या शहरात बायकांच्या गटांबरोबर काम करते, त्यामुळे अशी निवेदने माझ्या वाचनात आली आहेत. त्यांत सिंचन असते, रेल्वे असते, नोकऱ्या असतात. बाई नसते. खाली सही मात्र तिची हवी असते. म्हणून हा प्रश्न आता आपण आपल्या बाजूने तपासून पाहिला पाहिजे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मराठवाड्यावर अन्याय झाला, हे रडगाणे नाही. १७ सप्टेंबर १९४८ला आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो. त्या लढ्यात धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या बायकांनी हातात शस्त्र घेतले. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि आपले पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. १९५३च्या नागपूर कराराने निधी, नोकऱ्या आणि उच्च शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे मान्य केले होते. घटनेच्या ३७१(२) कलमात १९५६ पासून विकास मंडळांची तरतूद होती. मंडळे आली १९९४ मध्ये! वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये दाखवला, त्यातला मोठा हिस्सा विदर्भ-मराठवाड्याचा होता. तेव्हा तक्रार खरी आहे. प्रश्न आहे तो औषधाचा.

२०१६ साल आठवून पाहा. मार्चमध्ये राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी स्वतंत्र मराठवाड्याची भाषा केली. विधिमंडळात गदारोळ झाला, त्यांनी राजीनामा दिला. कोणी त्यांना राज्यद्रोही म्हटले, कोणी आमचा माणूस म्हटले. पुढच्याच महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. वाद घालणारे स्टुडिओत होते आणि हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या बायका आणि मुली. त्या रांगेत जाऊन 'तुम्हाला कुठले राज्य हवे?' असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्याच वर्षी २३ जूनला ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, ५२ विरुद्ध ४८ टक्के. मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता, राहायचे की जायचे. कसे जायचे, आयर्लंडच्या सीमेचे काय, कामगारांच्या हक्कांचे काय, याची उत्तरे शोधताना ३१ जानेवारी २०२० उजाडली. आपल्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट महत्त्वाची. बायकांना समान मूल्याच्या कामासाठी समान वेतन मिळण्याची तरतूद ब्रिटनने आपणहून पुरी केली नव्हती. १९८२ मध्ये युरोपीय न्यायालयाने तिथला कायदा अपुरा ठरवला, तेव्हा १९८३ मध्ये दुरुस्ती झाली. संघातून बाहेर पडल्यावर असे काही हक्क टिकावेत म्हणून २०२३ मध्ये ते वेगळे नियम करून पुन्हा लिहून ठेवावे लागले. घर बदलताना बाईचे सामान आपोआप येत नाही. ते आठवणीने बांधून घ्यावे लागते.

आता आपल्याकडे या. 'आपले राज्य, आपला मुख्यमंत्री, मग सगळे ठीक होईल' हा पहिला युक्तिवाद. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण, हे चौघे मुख्यमंत्री मराठवाड्याचेच. त्यांनी काही कामे केलीही. पण बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८९४ होत्या, त्या २०११ मध्ये ८०७वर आल्या. सोनोग्राफीच्या खोलीत मुंबईचे सरकार बसलेले नव्हते. तिथे आपलेच डॉक्टर, आपलेच नातेवाईक होते. ही घसरण सीमा आखून थांबणारी नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जुन्या घरातले, तेलंगणाचे. त्या आंदोलनात बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या. २ जून २०१४ला राज्य मिळाले. पहिल्या मंत्रिमंडळात एकही बाई नव्हती. सप्टेंबर २०१९पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, ही स्थिती राहिली. मोर्चात पुढे आणि सत्तेत बाहेर, हे आपल्याला नवीन नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठीही बायका तुरुंगात गेल्या होत्या, आणि या राज्याला आजवर एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. जायकवाडीच्या वर नाशिक आणि नगरकडची धरणे आहेत. पाणी सोडण्यावरून दर टंचाईत भांडण होते. पण आज हे भांडण एकाच राज्याच्या कायद्यात आहे. २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा समन्यायी वाटपाची भाषा बोलतो आणि त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येते. उद्या मध्ये राज्याची सीमा आली तर हा आंतरराज्यीय तंटा होईल. कृष्णेच्या पाण्याचे लवाद किती वर्षे चालले, ते पाहा. पैठणचे धरण पन्नासेक किलोमीटरवर असून या शहरात वर्षानुवर्षे नळाला रोज पाणी आले नाही. त्यात वरच्या धरणांचा दोष किती आणि आपल्या कारभाराचा किती, हेही विचारायला हवे.

चौथी गोष्ट ऊसतोडीची, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. बीडची टोळी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कर्नाटकातही जाते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. उचल घेतो नवरा, फेडतात दोघे. या जोडीच्या हिशेबात तिचे वेगळे नावच नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी शासनाच्या समितीने केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत खाडा नको, खाडा झाला तर दंड, फडात संडास नाही आणि गावात शस्त्रक्रियेची घाई करणारा दवाखाना. कोल्हापूर, सांगली उद्या 'परराज्य' झाले तर या बाईची तक्रार कोणी घ्यायची? मुकादम एका राज्यातला, कारखाना दुसऱ्या राज्यातला. दोन सरकारे एकमेकांकडे बोट दाखवतील आणि ती मध्ये उभी राहील.

आणि 'आपले' म्हणजे कोण? हेही बोलायचे टाळू नये. १९७८ मध्ये विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला, तेव्हा मराठवाड्याच्या अस्मितेचे नाव घेऊन दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. १९४८च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेडकडे मुसलमानांवर काय गुजरले, ते सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवले आहे. प्रदेश मुक्त होत असताना त्यातल्या काही बायका विधवा आणि बेघर होत होत्या. अस्मिता पेटते तेव्हा पहिली झळ कोणाच्या घराला लागते, हे या जिल्ह्यांना माहीत आहे.

म्हणून माझे मत असे. आज वेगळे राज्य हे आपल्या दुखण्यावरचे औषध नाही. पण 'महाराष्ट्र अखंड राहिलाच पाहिजे' म्हणून आपल्याला गप्प बसवणेही मला मान्य नाही. एकत्र राहायचे तर वाटा मिळाला पाहिजे. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली तेव्हा अखंड महाराष्ट्रवाल्यांपैकी किती जण रस्त्यावर आले?

मैत्रिणींनो, दोन्ही बाजूंचे लोक आपल्याकडे सह्या मागायला येतील. आपण आधी आपल्या अटी पुढे ठेवू. ऊसतोडीला बाईची नोंद तिच्या नावाने आणि मजुरी तिच्या हातात. प्रदेशाच्या विकासाचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येक समितीत निम्म्या बायका, त्यात दलित, भटक्या, मुसलमान बायका. अनुशेष मोजताना हेक्टर आणि किलोमीटरबरोबर पाण्यासाठी आणि सरपणासाठी गेलेले बाईचे तासही मोजले जावेत. १९९४च्या कायद्याने महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क मिळाला, तो किती सातबाऱ्यांवर उतरला याची तालुकावार यादी जाहीर व्हावी.

या अटी कोण लेखी मान्य करतो ते पाहू. जो करणार नाही, त्याच्या निवेदनावर, मग ते राहण्याचे असो की जाण्याचे, आपण सही करू नये. प्रत्येक गटाने आपल्या बैठकीत या अटींवर बोलावे, त्यात भर घालावी आणि आम्हाला लिहून कळवावे.